जिल्हा मैदान ते भारतीय संघ : सांगली-साताऱ्याच्या फलंदाजांची वाट

सांगली व सातारा जिल्ह्यांत एखाद्या कुमार फलंदाजाने मोठी खेळी केली, की तो भारतीय संघापर्यंत मजल मारील काय, ही चर्चा सुरू होते. या परिसराचा इतिहास पाहता या प्रश्नाचे उत्तर केवळ धावसंख्येने दिलेले नाही. योग्य वयात मिळालेली वरच्या पातळीवरची संधी आणि त्यानंतर निवड समितीने दाखविलेला संयम या बाबी तितक्याच निर्णायक ठरल्या आहेत.

विजय हजारे : उशिरा आलेली संधी

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे कसोटी सामने थांबले आणि त्यांचे पदार्पण १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या ३१ व्या वर्षी झाले. तरीही ३० कसोटींत त्यांनी सात शतकांसह २,१९२ धावा केल्या. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ११६ व १४५ धावा करून कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकाविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

भाऊसाहेब निंबाळकर : विक्रम झाला, कसोटी नाही

शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्ध महाराष्ट्रातर्फे नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर यांना एकही अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाही.

स्मृती मानधना : वेळेवर मिळालेली संधी

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिने वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात स्थान मिळविले. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले, त्याचा लाभ तिच्या पिढीला झाला. एप्रिल २०१३ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, तिचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या.

मात्र भारताकडून पहिल्या एकदिवसीय शतकासाठी तिला फेब्रुवारी २०१६ पर्यंत थांबावे लागले. २०१७ च्या प्रारंभी गुडघ्याच्या दुखापतीने ती काही महिने मैदानाबाहेर होती. तरीही तिला त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी निवडण्यात आले आणि पहिल्या दोन सामन्यांत तिने ९० व नाबाद १०६ धावा करून तो विश्वास सार्थ ठरविला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती.

निवडीच्या पायऱ्या

सांगली व सातारा हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. मुलांसाठी १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील विनू मांकड व कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडक आणि त्यानंतर रणजी करंडक, असा क्रम आहे. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा तर हजारे यांच्याच नावाने खेळली जाते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे जिल्ह्यांतील खेळाडूंना आणखी एक व्यासपीठ उपलब्ध झाले आहे.

कुमार गटातील यश ही हमी नव्हे

२०१२ च्या कुमार विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणारा कर्णधार उन्मुक्त चंद भारताच्या वरिष्ठ संघात येऊ शकला नाही. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन त्याने अमेरिकेची वाट धरली. बीडच्या सचिन धस याने २०२४ च्या कुमार विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ अशा बिकट अवस्थेतून भारताला सावरताना ९६ धावा केल्या. महानगराबाहेरचा फलंदाज त्या मंचापर्यंत पोहोचू शकतो, हे त्याने दाखवून दिले. मात्र तेथून वरिष्ठ संघात जाण्यासाठी रणजीच्या चार दिवसांच्या सामन्यांत मोसमामागून मोसम धावा कराव्या लागतात.

म्हणूनच सांगली-साताऱ्यातील नव्या फलंदाजाचे मोल एका द्विशतकावरून ठरविणे घाईचे ठरेल. पुढच्या वयोगटात, अधिक वेगवान गोलंदाजीपुढे त्याला किती लवकर उभे केले जाते आणि पहिल्या अपयशानंतर पुन्हा संधी मिळते काय, यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहील.