सालोमालोचे गाणे, जिजाईची चूल

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बराचसा मजकूर गौरवाचा असतो. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांची तन्मयता, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात घेतली गेलेली विशेष दखल, हे सारे आपण वाचलेले असते आणि वर्गात सांगितलेलेही असते. हा गौरव अनाठायी नाही. पण त्यामुळे एक गोष्ट घडली : चित्रपट पूज्य झाला आणि पाहायचा राहिला. तो पाहायचा म्हणजे कोणत्या दृश्याला कोणते दृश्य जोडले आहे, कोणती पात्रे एकत्र केली आहेत, कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो, हे तपासायचे. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे.

सुरुवातीच्याच दोन दृश्यांपासून आरंभ करू. तुकाराम डोळे मिटून, स्वतःशीच, पांडुरंगाच्या ध्यानाचा अभंग गातो आहे. चाल साधी, स्वर खालच्या पट्टीत, कॅमेऱ्याला कसलीही घाई नाही. मग दृश्य बदलते. देवळात सालोमालो तोच अभंग गातो आहे. पण आता त्यात मुरक्या आहेत, हातवारे आहेत, समोरच्या श्रोत्यांकडे टाकलेले कटाक्ष आहेत. शब्द तेच असूनही गाणे वेगळे झाले आहे. चोरी झाली हे अद्याप कोणी सांगितलेले नसते, तरी आपल्याला ते कळते, आणि ते कळते केवळ दोन दृश्यांच्या शेजारामुळे. संकलन म्हणजे कापाकापी अशी आपली एक ढोबळ समजूत असते. येथे संकलनाने एक वाङ्मयीन प्रश्न मांडला आहे : कविता कोणाची? लिहिणाऱ्याची, गाणाऱ्याची, की जिच्यावर आपली नाममुद्रा उमटवील त्याची?

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. सालोमालोची गायकी ही संगीत रंगभूमीची गायकी आहे. १९३६ सालच्या प्रेक्षकाच्या कानाला ती अनोळखी नव्हती. तो तिच्यावरच पोसला होता. बोलपट येऊन पाच-सहा वर्षेच झाली होती. आदल्याच वर्षी प्रभातने ‘धर्मात्मा’त साक्षात बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आणले होते. अशा वेळी नाटकी गायकी खलपात्राच्या गळ्यात घालणे हा केवळ विनोद नव्हे. नव्या माध्यमाने जुन्या माध्यमाशी केलेला तो हिशेब आहे. गंमत अशी की, पागनीस स्वतः रंगभूमीवरच्या स्त्रीभूमिकांतून आलेले होते, त्यामुळे हा हिशेब चुकता करणारा माणूस घरातलाच होता.

आता एक विसंगती. कवितेच्या चोरीवर उभ्या असलेल्या या चित्रपटातले सर्वांत लोकप्रिय पद, ‘आधी बीज एकले’, तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिले, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली, आणि अनेकांनी ते तुकोबांचेच म्हणून स्वीकारले. सालोमालोने तुकोबांचे शब्द आपले म्हणून गायिले. आठवल्यांचे शब्द लोकांनी तुकोबांचे म्हणून गायिले. पहिल्याला आपण चोरी म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणावे? गाथेच्या पाठचिकित्सेत प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न शिकवताना मला हे उदाहरण नेहमी उपयोगी पडते. मौखिक परंपरेत प्रक्षेप कसा रुजतो, हे विसाव्या शतकात, ध्वनिमुद्रणाच्या काळात, आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

असो. संतपट या प्रकाराचे म्हणून काही संकेत असतात : भोळा भक्त, त्याचा छळ करणारा दांभिक, कसोटी, चमत्कार, आणि शेवटी दांभिकाचा पराभव. यांतले बरेचसे महिपतीच्या ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून आलेले आहे. चमत्काराचे दृश्य तंत्र मात्र फाळक्यांचे. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. किंवा एकाच फितीवर दोनदा चित्रण करायचे. प्रभातने ते उचलले. कीर्तनात बसलेल्या शिवाजी महाराजांना पकडायला शत्रू येतो आणि जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, तो प्रसंग थेट या परंपरेतला आहे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

दांभिकाविषयी मात्र थांबून लिहायला हवे. परंपरेत तुकोबांना छळणारा मंबाजी आहे. सालोमालोचा निर्देश तुकोबांच्या अभंगांत येतो तो मुख्यतः दुसऱ्यांचे काव्य बिघडवणारे म्हणून. चित्रपटात चोरीचे आणि छळाचे काम एकट्या सालोमालोकडे आले आहे. पटकथेच्या सोयीसाठी असे करावेच लागते, हे मान्य. परंतु पात्रे एकत्र झाली की कारणेही एकत्र होतात. एका शूद्र कवीने वेदार्थ सांगावा की नाही, हा समाजव्यवस्थेचा प्रश्न. त्यावर रामेश्वरशास्त्र्यांनी निवाडा दिला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. चित्रपटात हा निवाडा आहे; पण त्याच्याआधी सालोमालोची कारस्थाने आहेत आणि त्याच्यानंतर शास्त्र्यांचे हृदयपरिवर्तन. या दोहोंच्या मध्ये बसवल्यामुळे निवाडा हा व्यवस्थेचा राहत नाही. तो एका मत्सरी, काहीशा हास्यास्पद माणसाच्या कागाळीचा परिणाम ठरतो. प्रेक्षक त्या माणसाला हसतो आणि मोकळा होतो.

हे दिग्दर्शकांचे वैगुण्य म्हणून सोडून देता येत नाही, कारण काळ कोणता होता ते पाहिले पाहिजे. पुण्यात पर्वतीचा मंदिरप्रवेश सत्याग्रह १९२९ साली झाला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी ‘धर्मात्मा’ला आपले मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले; अस्पृश्यतेच्या प्रश्नावर उभ्या असलेल्या चित्रपटाला ते नाव राजकीय वाटले. अशा वातावरणात पुढच्याच वर्षी पुण्याच्याच स्टुडिओत जातीचा प्रश्न खलपात्राच्या पगडीखाली झाकला गेला. संतपटाच्या संकेताने निर्मात्यांना दिलेले ते संरक्षण होते. ते त्यांनी जाणूनबुजून घेतले असे माझे म्हणणे नाही. संकेतांचे सामर्थ्यच असे असते की ते वापरणाऱ्याला निवड केल्यासारखे वाटत नाही.

मग हा चित्रपट भाबडा का वाटत नाही? माझे उत्तर : जिजाईमुळे. गौरी यांनी उभी केलेली ही बाई संतपटाच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही. परंपरेने तिला कजाग ठरवले होते. चित्रपट तिला संसार देतो. ती म्हशीशी गाणे गात बोलते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्याला फैलावर घेते, मूल आजारी पडले तेव्हा पायातली वहाण हातात घेऊन विठोबाच्या देवळात जाब विचारायला जाते. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकाराम परत पाठवतो, तेव्हा वैराग्य त्याचे असते आणि किंमत तिची. येथेही काम दृश्यांच्या जोडणीनेच केले आहे. तुकारामाचे प्रत्येक मोठेपण मांडून झाले की चित्रपट घरात येतो. भजनाच्या पाठोपाठ चूल येते, देवळाच्या पाठोपाठ गोठा. चमत्काराने जे सुटले असे वाटते, ते घरात आल्यावर सुटलेले नसते.

२०१२ सालच्या चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’ने दुष्काळाला आणि संतपणाच्या आधीच्या तुकोबांना मोठी जागा दिली, आणि ते योग्यच झाले. पण भुकेचा युक्तिवाद जिजाईच्या तोंडून १९३६ मध्येच झाला होता, आणि तोही चमत्कारांच्या शेजारी बसून.

शेवटचा प्रसंग घ्या. तुकाराम वैकुंठाला निघतो आणि बायकोला सोबत चल म्हणतो. तिला ते त्याचे नेहमीचेच वेड वाटते. स्वयंपाक व्हायचा असतो, मुले जेवायची असतात. मग गरुडाच्या आकाराचे विमान उतरते. आजचे विद्यार्थी या ठिकाणी हसतात, आणि मी त्यांना हसू देतो. विमान वर जाऊ लागते, गाव हात जोडून पाहत राहते. संतपट येथेच, आकाशाकडे पाहत, संपायला हरकत नव्हती. परंतु चित्रपट पुन्हा खाली येतो, धावत आलेल्या जिजाईकडे. एका वर्गात हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, त्या दिवशी मुलांना कोणी जेवायला वाढलं?”