कॉल ऑफ ड्यूटी: नाव एकाचं, हात दुसऱ्याचे

आजचा भाग कॉल ऑफ ड्यूटीवर. वीस वर्षांहून जास्त काळ शूटर गेम्समध्ये वरचष्मा असलेली ही मालिका तिथेच राहील का? उत्तरासाठी आधी दुसऱ्याच एका गेमकडे जाऊया.

मेडल ऑफ ऑनर. १९९९ साली आला, विषय दुसरं महायुद्ध आणि कल्पना चक्क स्टीव्हन स्पीलबर्गची. त्याचा २००२ चा 'अलाइड असॉल्ट' हा भाग ज्या स्टुडिओने बनवला, तिथली बावीस माणसं बाहेर पडली. त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड काढला, ॲक्टिव्हिजनचा पैसा घेतला आणि २००३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी आणला. नाव मागे राहिलं, हात निघून गेले. मेडल ऑफ ऑनरला ती जागा परत मिळाली नाही. २०१२ च्या 'वॉरफायटर'नंतर ईएने मालिका बाजूला ठेवली, पुढे आला तो एक व्हीआर गेम.

इकडे २००७ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'ने महायुद्ध सोडून आजचं युद्ध घेतलं. पण खरी कमाल मल्टिप्लेअरमध्ये होती. खेळाल तशी लेव्हल वाढते, नवीन बंदुका उघडतात, पर्क मिळतात, न मरता सलग तीन जणांना मारलं की शत्रू नकाशावर दिसायला लागतात. हरलात तरी काहीतरी हाती लागतंच. म्हणून 'अजून एक मॅच' म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. आज तुमच्या फोनवरच्या कितीतरी गेम्समध्ये हीच चटक आहे.

मग आला २००९ चा 'मॉडर्न वॉरफेअर २'. फक्त अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पहिल्या दिवशी ४७ लाख प्रती! आणि चार महिन्यांच्या आत, मार्च २०१० मध्ये, ॲक्टिव्हिजनने स्टुडिओचे प्रमुख जेसन वेस्ट आणि व्हिन्स झँपेला यांनाच काढून टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१२ मध्ये तडजोड झाली. तोवर दोघांनी ईएच्या मदतीने रिस्पॉन काढला होता आणि जुने बरेच सहकारी तिकडे गेले होते.

म्हणजे मेडल ऑफ ऑनरचं झालं, तेच इथे व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण ट्रेयार्क हा दुसरा स्टुडिओ तयार होता. २०१० चा 'ब्लॅक ऑप्स' त्यांचाच. पुढे स्लेजहॅमरही आला आणि आळीपाळीने दरवर्षी एक गेम निघत राहिला. आधी तारीख ठरते, मग त्यात बसेल तेवढा गेम. (सॉफ्टवेअरमधल्यांना हे वेगळं सांगायला नको.) या पद्धतीने मालिका वाचली, पण तोच तोच पणाही तिथूनच आला. २०२० मधल्या फुकट 'वॉरझोन'ने तो काही काळ झाकला. आपल्याकडे तर पबजी मोबाइलवर बंदी आल्यावर बरेच जण कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलकडे वळले.

माझं मत विचाराल तर नाव टिकेल. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला अख्खी कंपनी घेतली, ते उगाच नाही. वरचष्म्याची मात्र खात्री वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'बॅटलफिल्ड ६' तीन दिवसांत ७० लाखांवर खपला, आणि त्या मालिकेची सूत्रं कोणाकडे होती? झँपेलांकडे! डिसेंबरमध्ये ॲक्टिव्हिजनने सांगितलं की मॉडर्न वॉरफेअर किंवा ब्लॅक ऑप्स यापुढे सलग दोन वर्षं आणणार नाही.

त्याच महिन्यात झँपेला कार अपघातात गेले. मेडल ऑफ ऑनर, कॉल ऑफ ड्यूटी, बॅटलफिल्ड, तिन्हींवर त्यांचा हात होता. पुढच्या भागात त्यांच्या रिस्पॉनबद्दल, म्हणजे टायटनफॉल आणि एपेक्स लेजंड्सबद्दल बोलू.