डेस्कटॉप आज्ञावली आणि विशेषाधिकार : 'एक्स विंडो सिस्टिम'चा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अनेकांच्या वापराच्या संगणकावर प्रत्येक वापरकर्त्याचे अधिकार मर्यादित असतात. 'रूट' या खात्याची सत्ता मात्र संपूर्ण प्रणालीवर चालते. एखादी आज्ञावली या खात्याच्या अधिकाराने चालत असल्यास तिच्यातील लहानशी चूकही संपूर्ण संगणक परक्या हाती देऊ शकते. युनिक्स व लिनक्स संगणकांवर खिडक्या व चित्रे पडद्यावर दाखविणाऱ्या 'एक्स विंडो सिस्टिम'च्या बाबतीत हा धोका कसा निर्माण झाला व तो कसा कमी करण्यात आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व आणि व्यवहार :
जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले. प्रत्येक आज्ञावलीस तिच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे त्याचे सार होय. आज्ञावली चालविणाऱ्याच्या नव्हे, तर तिच्या मालकाच्या अधिकाराने चालावी अशी 'सेटयूआयडी' ही सोय बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी केली. तिला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पासवर्ड बदलण्यासारख्या छोट्या कामासाठी ही सोय आवश्यकच होती.

'एक्स'चा जन्म १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाला. तेथील ज्या 'अथेना' प्रकल्पाशी ही प्रणाली निगडित होती, त्याचे तांत्रिक संचालक सॉल्टझर हेच होते. तरीही पुढे वैयक्तिक संगणकांवर 'एक्स'चा सर्व्हर रूटच्या अधिकाराने चालू लागला. याचे कारण तत्त्वाचे अज्ञान नव्हते. ग्राफिक्स कार्डाशी थेट व्यवहार करण्याचे काम या सर्व्हरकडे होते आणि तो अधिकार केवळ रूटला होता. एका कामासाठी लागणारा अधिकार अशा रीतीने लाखो ओळींच्या आज्ञावलीला मिळाला.

दुरुस्तीचे दोन मार्ग :
चूक सापडताच ती सुधारणे हा पहिला मार्ग. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी चूक संभवते. आज्ञावलीचा अधिकारच काढून घेणे हा दुसरा मार्ग. त्यासाठी रचना बदलावी लागली. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याची मांडणी ठरविण्याचे काम कर्नलकडे जाऊ लागले. २०१४ मधील एक्स सर्व्हरच्या १.१६ या आवृत्तीपासून तो लिनक्सवर सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालविणे शक्य झाले.

या बदलाची कसोटी ऑक्टोबर २०१८ मध्ये लागली. सर्व्हरच्या १.१९ या आवृत्तीपासून शिरलेला एक दोष तेव्हा उघड झाला. नोंदवही कोणत्या फाइलमध्ये लिहावी हे सांगणाऱ्या सूचनेची पुरेशी तपासणी होत नव्हती. त्यामुळे जेथे 'सेटयूआयडी'ची सोय कायम होती, तेथे सामान्य वापरकर्ता प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइलीही पुसून लिहू शकत होता व रूट बनू शकत होता. जेथे ती सोय काढून टाकलेली होती, तेथे तोच दोष या कामी निरुपयोगी ठरला.

समारोप :
चूक सुधारल्याने एक धोका टळतो. अधिकार कमी केल्याने अद्याप न सापडलेल्या चुकांचेही परिणाम सीमित होतात, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. तत्त्वाची मांडणी आणि त्याचा या क्षेत्रातील अंमल यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी काम करतात अशा महाविद्यालयीन प्रयोगशाळांनीही कोणती आज्ञावली कोणाच्या अधिकाराने चालते, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.