आत्तीचं बिल, आमचं बिल

दिवाळीत आत्ती गोरेगावहून राजारामपुरीत आली, की फराळाच्या ताटासोबत मुंबईच्या तक्रारीही येतात. यंदा बॅगेतून तिनं चक्क वीजबिल काढलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघून सांग, कंपनी बदलू की आहे तीच ठेवू?" बाबा शेजारी पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं आहे तुमचं. आमच्याकडं बदलायचं म्हणजे फार तर बल्ब."

सगळे हसले, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली आत्तीला वीज विकणारी कंपनी बदलता येते आणि आम्हाला नाही, असं का? मग काय, शनिवार-रविवार त्यातच गेला.

मंडळी, उत्तर चक्क १९०७ सालात सापडतं. पश्चिम घाटात पडणारं पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले, पण १९०७ साली परवाना निघाला आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज सुरू झाली. पुढे १९१९, १९२१ आणि १९५३ असे आणखी परवाने मिळत गेले. उपनगरांसाठी १९२६ चा वेगळा परवाना होता आणि १९२९ मध्ये स्थापन झालेली बीएसईएस कंपनी तिथं घरोघरी वीज देऊ लागली. शहरात बेस्ट. थोडक्यात, टाटा ठोक विक्रेते आणि बाकीचे दोघे किराणा दुकानदार. कित्येक दशकं ही वाटणी कुणाला खटकली नाही.

२००३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. बीएसईएस रिलायन्सकडे गेली आणि नवा वीज कायदा आला. टाटांना लहान ग्राहकांना थेट वीज विकता येते का, यावरून भांडण पेटलं. रिलायन्सचं म्हणणं, तुम्ही फक्त मोठ्या ग्राहकांना विका. टाटांचं म्हणणं, आमच्या जुन्या परवान्यांत अशी अट दाखवा. वीज नियामक आयोग, मग अपिलीय न्यायाधिकरण, मग सर्वोच्च न्यायालय असा प्रवास होऊन ८ जुलै २००८ ला निकाल लागला: टाटांना आपल्या परवाना क्षेत्रात लहान-मोठ्या सगळ्यांना वीज विकता येईल. म्हणजे आत्तीचा हक्क नव्या कायद्यातल्या स्पर्धेच्या भाषणांतून आला नाही. तो जुन्या परवान्यांतल्या कलमांतून आला. जुन्या कोडमधली कुणी न वाचलेली एखादी ओळ अचानक प्रॉडक्शनमध्ये चालू व्हावी, तसंच हे!

पण टाटांच्या तारा उपनगरात घरोघरी कुठे होत्या? यावर आयोगानं १५ ऑक्टोबर २००९ ला मार्ग काढला. तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची. ग्राहकानं तारांचं भाडं म्हणजे 'वहन आकार' द्यायचा आणि विजेचे पैसे टाटांना. टाटांकडे जुनी जलविद्युत केंद्रं आणि ट्रॉम्बे. रिलायन्सकडे स्वतःचं म्हणजे डहाणूचं ५०० मेगावॅट, बाकी बाहेरून विकत घ्यायची. त्यामुळे टाटांचा दर कमी होता. लोक भराभर बदलू लागले, त्यात आत्तीही होती. शिडी नाही, खोदकाम नाही, नुसता फॉर्म भरायचा.

इथे खरी गोम आहे. आपल्याकडे वीजदर तुकड्यांत चढतो. १०० युनिटपर्यंत कमी, मग ३०० पर्यंत जास्त, मग ५०० पर्यंत अजून जास्त. वरच्या तुकड्यातला ग्राहक जो जादा पैसा देतो, त्यातून खालच्याचा दर खाली राहतो. आता सांगा, कंपनी बदलण्यात सगळ्यात जास्त फायदा कुणाचा? मोठा वापर असणाऱ्याचा. तो गेला की मागे राहिलेल्या चाळीतल्या एका खोलीच्या घराला आधार देणारा हात गेला. म्हणून २०११ मध्ये आयोगानं बदलून गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. दुकान बदला, पण जुन्या भिशीचा हप्ता भरून जा! बचतीचा बराच भाग त्यात गेला आणि पुढे दर वरखाली झाले तसे काही ग्राहक परतही आले. २०१८ मध्ये रिलायन्सच्या जागी अदानी आले, पण गणित तेच राहिलं.

तर आत्तीचा प्रश्न. लोक युनिटचा दर बघून तुलना करतात, ती फसवी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' कंपनीचा स्थिर आकार महिना १२० रुपये, पहिल्या १०० युनिटना ४ रुपये, पुढे ८. 'ब' चा स्थिर आकार ६०, पहिल्या १०० ना ५, पुढे साडेसात. हिवाळ्यात ९० युनिट जळली तर 'अ' चं बिल ४८० आणि 'ब' चं ५१०. उन्हाळ्यात एसी लावून २५० झाली तर 'अ' चं १७२० आणि 'ब' चं १६८५. सहा महिने असे आणि सहा महिने तसे धरले तर वर्षाचे १३,२०० विरुद्ध १३,१७०. एवढा खटाटोप करून फरक किती, तर तीस रुपये! म्हणून मागची बारा बिलं घ्या, दर महिना वेगळा मांडा, स्थिर आकार, वहन आकार, अधिभार आणि वीज शुल्क सगळं धरा, आणि मगच बोला. शिवाय मंजूर झालेला दरही पूर्ण 'फिक्स' नसतो. इंधन समायोजन आकार वरून येतोच.

ब्रिटनमध्ये १९९९ पर्यंत सगळ्या घरांना कंपनी निवडता येऊ लागली. तिथं वर्षभराचा दर बांधून घेता येतो. पण २०२१ मध्ये गॅस भडकला तेव्हा स्वस्त दर बांधून दिलेल्या दोन डझनांहून जास्त कंपन्या बुडाल्या आणि त्यांचा खर्च अखेर सगळ्याच ग्राहकांच्या बिलावर आला. भिशी तिथंही सुटली नाही.

आता आमचं बिल. राज्य वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं आणि कोल्हापूरला महावितरण आलं. आमच्या गल्लीत दुसरा परवानाधारक नाही. खुली वीज खरेदी आधी १ मेगावॅटच्या वरच्यांसाठी होती, २०२२ च्या हरित नियमांनी ती १०० किलोवॅटवर आणली. आमच्या घराचा भार दोन-तीन किलोवॅट. म्हणजे अख्खी गल्ली एकत्र आली तरी... असो.

पण एक गोष्ट आपल्याकडे आहे. १९४८ च्या कायद्यात मंडळ स्वतःच दर ठरवायचं. १९९९ मध्ये आयोग आला आणि कंपनीला दराचा प्रस्ताव जाहीर मांडून लोकांच्या हरकती ऐकणं भाग पडलं. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था अधिकृत ग्राहक प्रतिनिधी झाल्या. आणि आपल्या शेजारच्या इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहक संघटनेतर्फे वर्षानुवर्षं कंपनीचे आकडे उकरून काढत आलेत. शेतीपंपांचा वापर किती आणि त्या नावाखाली लपणारी गळती किती, हा त्यांचा जुना वाद. तो आकडा खरा निघाला तर फायदा फक्त शेतकऱ्याचा नाही, राजारामपुरीतल्या मीटरचाही आहे.

आत्तीला मी एक्सेल शीट करून दिली. तिच्या वापराला फरक किरकोळ निघाला, तेव्हा आहे ती कंपनी ठेव म्हटलं. बाबांना म्हटलं, दुकान बदलता येत नसेल तर निदान दुकानदाराचा हिशेब तपासायचा हक्क तरी वापरू. पुढच्या दरवाढीच्या प्रस्तावावर हरकत लिहायची ठरवलीय. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मसुदा तू कर, सही माझी. मीटर माझ्या नावावर आहे."