शून्य विभाग

सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन काढताना आम्ही सोबत यादी देतो: काय बदललं, कुठला बग गेला. बांधकामाच्या जगातही असा एक दस्तऐवज आहे, आयएस १८९३. इमारत, पूल, पाण्याची टाकी भूकंपात टिकायची तर किती जोराचा धक्का गृहीत धरायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. पहिली आवृत्ती १९६२ ची, दुसरी १९६६ ची. तिसरी, १९७० ची, ज्या घटनेनंतर काढावी लागली ती सातारा जिल्ह्यात घडली.

१९६२ च्या नकाशात देशाचे सात विभाग होते, शून्य ते सहा. शून्य विभाग म्हणजे भूकंपाचा हिशेब धरायची गरजच नाही. आपलं दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट कातळ. तो हलणार नाही, असा तेव्हाचा समज.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३ च्या आसपास. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. बहुतेक सगळे झोपेत होते.

तिथलं धरण १०३ मीटर उंच. त्याचा आराखडा पहिल्या आवृत्तीच्याही आधीचा. त्यात आडवा धक्का धरला होता वजनाच्या ५ टक्के. त्या पहाटे धरणातल्याच यंत्राने नदीच्या दिशेने नोंदवलेलं कमाल त्वरण होतं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४९ टक्के. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, तरी अंदाज किती तोकडा होता ते कळतं. धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर त्याला मागून आधार देऊन मजबूत केलं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीला येतं. मी सांगलीचा, त्यामुळे ‘उभं राहिलं’ हे दोन शब्द माझ्यासाठी फार मोठे आहेत.

१९७० च्या आवृत्तीत विभाग पाचच उरले. शून्य विभाग काढून टाकला. कोयना परिसर विभाग ४ मध्ये गेला.

आमच्याकडे ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. रिकाम्या रकान्यात शून्य भरलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. नकाशात तेच झालं होतं. भूकंपाची नोंद नाही, याचा अर्थ भूकंप होणार नाही असा लावला गेला.

हा बग पूर्ण गेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी उद्ध्वस्त झाली तेव्हा ती विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या यादीत होती. २००२ च्या आवृत्तीत विभाग १ रद्द झाला आणि किल्लारी विभाग ३ मध्ये आली.

फोनला अपडेट रात्रीत येतं. भिंतीला येत नाही. १९६५ साली बांधलेलं घर नवीन नकाशा छापल्याने मजबूत होत नाही; त्यासाठी कुणीतरी ते तपासून खर्च करावा लागतो. म्हणून सातारा, कराड, सांगलीकडे फ्लॅट बघायला गेलात तर पार्किंग आणि पाण्याबरोबर एवढंही विचारा: आराखडा कुठल्या आवृत्तीनुसार केलाय, आणि विभाग कुठला धरलाय?