हेलिकोबॅक्टर पायलोरी : अपचनाच्या रुग्णांतील प्रमाण

जठराच्या अस्तरावरील बुळबुळीत थरात राहणारा मळसूत्री जीवाणू. यूरिएज या विकराने यूरियापासून अमोनिया तयार करून तो जठरातील आम्लात तग धरतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये पर्थ येथे तो प्रथम वाढवला (नोबेल पारितोषिक, २००५). जठरदाह व अल्सरचे हे एक प्रमुख कारण आहे.

मुंबईतील पाहणी : एच. जी. देसाई, एच. एच. गिल व सहकाऱ्यांची १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आजही मुळातून वाचण्याजोगी आहे. अपचनाच्या ४३ रुग्णांच्या जठरातील तुकडे आणि दातांवरचे किटण त्यांनी तपासले. नमुना यूरियायुक्त पिवळ्या जेलमध्ये खोचायचा. यूरिएज असल्यास जेल गुलाबी-लाल होते. जठराच्या खालच्या भागात ६७ टक्के, मधल्या भागात ७० टक्के आणि किटणात तब्बल ९८ टक्के रुग्णांत चाचणी होकारार्थी आली. २४ जणांना तिहेरी औषधे दिल्यावर जठर स्वच्छ झाले, किटण नाही. किटण हेच पुनःसंसर्गाचे कोठार, या मताबाबत दुमत आहे. तोंडातल्या इतर काही जीवाणूंतही यूरिएज असते.

याच गटाने १९९४ मध्ये वयोगटानुसार रक्तातील प्रतिद्रव्यांचे प्रमाण दिले : ४ वर्षांपर्यंत २२, ५ ते ९ वर्षे ५६, १० ते १९ वर्षे ८७ टक्के. लागण बहुधा बालपणी, घरातच होते. म्हणजे तो निरोगी माणसांतही आढळतो; रुग्णात जीवाणू सापडला म्हणून करपट ढेकर नि जळजळ त्यामुळेच, असे ठरत नाही. रुग्णांतील आकडा नेहमी निरोगी माणसांच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा.

तपासणी : 'पित्त झालंय' म्हणून दुकानातून आणलेली गोळी महिनोन्‌महिने उपाशीपोटी घेणारे पुष्कळ. ओमेप्राझोलसारखी गोळी चाचणीपूर्वी दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद नसतील, तर जीवाणू असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते. ही चूक टाळलीच पाहिजे. जयगडच्या (ता. रत्नागिरी) रुग्णाला दुर्बिणीच्या तपासणीसाठी सहसा रत्नागिरी गाठावी लागते, अशा ठिकाणी शौचाच्या नमुन्यावरील प्रतिजन चाचणी सोयीची.

उपचार : २००३ मधील बहुकेंद्री भारतीय अभ्यासात सुमारे ७८ टक्के जीवाणू मेट्रोनिडॅझोलला, ४५ टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. औषधे अर्धवट सोडू नयेत. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी.

कर्करोग : लागण सर्वदूर असूनही भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे.