साडेदहा मिनिटांच्या अंतरावरचा वर्ग

1996-97 मध्ये अमेरिकेत ‘पासपोर्ट टू नॉलेज’ या उपक्रमाने ‘लाइव्ह फ्रॉम मार्स’ ही मालिका चालवली. नासाचं पाठबळ, सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारणारी शाळकरी मुलं, असं तिचं रूप होतं. तिच्याबद्दल बोलताना कौतुक होतं ते मुलं संशोधकांशी थेट बोलली याचं. मला मात्र तिचं शैक्षणिक बळ दोन प्रक्षेपणांच्या मधल्या संथ आठवड्यांत दिसतं. मंगळाची मोहीमच तशी असते. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे 19 कोटी किलोमीटर दूर होतं आणि तिथला संदेश इथे पोचायला साडेदहा मिनिटं लागत होती. त्यातली सोजर्नर ही छोटी गाडी इथे बसून हवी तशी वळवणं त्यामुळे शक्यच नव्हतं. आलेली छायाचित्रं निरखायची, पुढच्या दिवसाच्या आज्ञा एकत्र रचून पाठवायच्या आणि वाट पाहायची, असं ते काम होतं. मालिकेने आधी नीट विचार करून ठरवण्याची ही रीत वर्गात आणली. एखाद्या अनोळखी जागेची ओळख पटवायला कोणती उपकरणं न्यावीत, याचा संच मुलांनी ठरवायचा होता. आवडेल ते सगळं नेता येत नाही, म्हणून एक उपकरण घ्यायचं तर दुसरं का सोडायचं, हे इतर शाळांना कारणांसह पटवून द्यावं लागे.

यावर रास्त आक्षेप असा, की हा संवाद किती जणांच्या वाट्याला आला? 1996 मध्ये अमेरिकेतल्या 65 टक्के सरकारी शाळांत इंटरनेट पोचलं होतं, पण वर्गखोल्यांपैकी जेमतेम 14 टक्क्यांत. पडद्यावर प्रश्न विचारायला मिळालेली मुलं तर मूठभरच. आक्षेप खरा आहे, पण तो लागू पडतो थेट संवादाला. छापील शिक्षक-पुस्तिका, वर्गातले प्रयोग आणि शिक्षकाने साऱ्या वर्गाच्या वतीने पाठवलेली ईमेल यांना प्रत्येक बाकावर संगणक लागत नव्हता. शिवाय यान उतरलं ते ऐन उन्हाळी सुट्टीत, शाळा बंद असताना. सगळी भिस्त त्या एका क्षणावर असती तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. मुलांनी ठरवलेला संच मंगळावर जाणार नव्हता. याच उपक्रमाने आधी ‘लाइव्ह फ्रॉम द हबल स्पेस टेलिस्कोप’मध्ये मुलांना दुर्बिणीच्या तीन प्रदक्षिणांचा खराखुरा वेळ मिळवून दिला होता. वाद घालून मुलांनी नेपच्यून आणि प्लूटो निवडले, आणि 1996 मध्ये हबल त्यांच्याकडे वळली. त्या तोडीचा अधिकार मंगळाच्या मालिकेत मुलांना मिळाला नाही. सोजर्नर हे नाव 12 वर्षांच्या मुलीने निबंधस्पर्धेत सुचवलेलं होतं, हे खरं. पण ती स्पर्धा वेगळी होती, आणि नाव सुचवणं म्हणजे मोहिमेचा निर्णय घेणं नव्हे. वादाची शिस्त मंगळाच्या मालिकेत होती, पण त्या वादाच्या निकालाने अवकाशात काहीच हलणार नव्हतं. म्हणून तिच्याहून हबलचा प्रयोग मला सरस वाटतो.